फोटो हलका, पदर तोच!

येवल्यात हातमागावर पैठणी विणणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. पदरावरचे मोर, काठाची जर, अंगभर बुट्ट्या अशा एका साडीमागे महिनोन्महिने जातात. घरातला मुलगा कॉलेजात शिकतो. त्याने हौसेने घरच्या पैठण्यांची वेबसाइट तयार केली, मोबाइलवर दहा साड्यांचे झकास फोटो काढले आणि जसेच्या तसे वेबसाइटवर चढवले. घरच्या वाय-फायवर सारे सुरेख दिसले. आई-वडिलांनी कौतुकाने पाहिले. आता मागणी येईल, म्हणून सगळे वाट पाहू लागले.

तिकडे दूर कुठेतरी रेल्वेच्या डब्यात बसून एक आई लेकीच्या लग्नासाठी साड्या शोधत आहे. येवल्याची ही वेबसाइट तिने उघडली आहे. पण पडद्यावर गोल चक्र फिरते आहे. पहिल्या साडीचा वरचा काठ तेवढा दिसला, पुढे काही सरकेना. ती थोडा वेळ थांबते आणि मग दुसऱ्या दुकानाची वेबसाइट उघडते. महिनोन्महिने खपून विणलेला तो मोर तिला दिसलाच नाही! आणि गिऱ्हाईक दाराशी येऊन परत गेले, हे त्या विणकरालाही कधी कळले नाही.

चूक कोणाची? विणकराची नाही, गिऱ्हाइकाचीही नाही. चूक आहे ती फोटोच्या वजनाची. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो पाच-पाच मेगाबाइटचा, म्हणजेच एमबीचा असू शकतो. असे दहा फोटो म्हणजे ५० एमबी. सेकंदाला पाच मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर हे सारे उतरायला ८० सेकंद लागतात. तेच फोटो योग्य रीतीने लहान करून प्रत्येकी २०० किलोबाइटचे, म्हणजे केबीचे केले, तर अवघ्या सव्वातीन सेकंदांत काम होते. विशेष म्हणजे पाहणाऱ्याला डोळ्यांनी सहसा काहीही फरक जाणवत नाही.

हे कसे शक्य आहे? चित्रातून एवढे काही काढून टाकूनही चित्र तेच कसे राहते? काय टाकावे आणि काय राखावे, हेच या विद्येचे मर्म आहे आणि ते समजून घेणे मुळीच कठीण नाही.

तीन महिन्यांचे बाळ आणि ३१ हजार ठिपके

संगणकात शिरलेले पहिले छायाचित्र कोणाचे होते, ठाऊक आहे? एका तीन महिन्यांच्या बाळाचे! साल होते १९५७. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श नावाचे अभियंते काम करत होते. संगणकाला डोळे असते तर त्याला जग कसे दिसले असते, हा त्यांच्या मनातला प्रश्न. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटो वाचणारे एक यंत्र, म्हणजेच स्कॅनर, तयार केले. पहिल्या चित्रासाठी त्यांनी निवडला आपल्याच मुलाचा, वॉल्डनचा फोटो.

तो फोटो जेमतेम पाच सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ असे ठिपके पाडण्यात आले. एकूण ३०,९७६ ठिपके. आजच्या साध्या मोबाइलच्या मानाने ही संख्या अगदीच क्षुल्लक, पण त्या वेळच्या संगणकाच्या स्मरणशक्तीत याहून अधिक मावणारे नव्हते. यंत्र प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा एवढेच सांगू शकत असे. म्हणून वेगवेगळ्या उजेडाच्या मर्यादा धरून फोटो पुन्हा पुन्हा वाचला गेला आणि त्या वाचनांची बेरीज करून करड्या छटा मिळवल्या गेल्या. पडद्यावर जे उमटले ते धूसर होते, पण बाळाचा चेहरा मात्र ओळखू येत होता.

कमीत कमी किती ठिपक्यांत चेहरा ओळखता येतो? किर्श यांच्यापुढे होता, जवळजवळ तोच प्रश्न आज येवल्याच्या त्या मुलापुढे आहे. फरक एवढाच, की किर्श यांच्यापाशी ठिपके कमी होते आणि या मुलाच्या हाती ते गरजेपेक्षा फार जास्त आहेत.

ठिपक्यांच्या रांगोळीचा हिशेब

पडद्यावरचे कोणतेही चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. मोबाइलच्या एखाद्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० पिक्सेल असतात. गुणाकार केला तर एक कोटी वीस लाख! प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत लिहायचा. म्हणजे काहीही न दाबता हा फोटो साठवला, तर ३६ एमबी जागा लागेल. कॅमेरा तो दाबून चार-पाच एमबीपर्यंत आणतो.

आता पाहणाऱ्याकडे वळू या. बहुतेक मोबाइलचा पडदा आडवा सुमारे हजार-अकराशे ठिपक्यांचा असतो. टेबलावरच्या संगणकाचा नेहमीचा पडदा १९२० ठिपक्यांचा. त्यातही साडीचा फोटो पडद्याचा काही भागच व्यापतो. मग ४००० ठिपके पाठवून उपयोग काय? पाहणाऱ्याचे यंत्र ते सारे उतरवून घेते, त्यासाठी त्याचा वेळ आणि डेटा खर्च करते आणि मग जास्तीचे ठिपके गुपचूप टाकून देते. चार माणसांच्या पंक्तीला चाळीस माणसांचा स्वयंपाक पाठवावा, तशातला हा प्रकार!

तोच फोटो १२०० बाय ९०० पिक्सेलचा केला, तर ठिपके उरतात १० लाख ८० हजार, म्हणजे मूळच्या सुमारे अकराव्या हिश्श्याएवढे. वेबसाइटवर साडी नीट दिसायला ते सहसा पुरतात.

इथे नवखी माणसे एक चूक हमखास करतात. पान तयार करताना मोठ्याच फोटोचे कोपरे ओढून तो पानावर लहान दाखवतात आणि समजतात की फोटो लहान झाला. तो फक्त लहान दिसतो. पाच एमबीचे वजन तसेच राहते. फोटो वेबसाइटवर चढवण्याआधीच लहान करायला हवा.

दुसरी गोष्ट, लांबी आणि रुंदी नेहमी एकाच प्रमाणात घटवावी. फक्त रुंदी कमी केली की नवरी मुलगी काडीसारखी होते आणि फक्त उंची कमी केली की फोफशी! आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: मोठ्याचे लहान करता येते, पण लहानाचे खऱ्या अर्थाने मोठे करता येत नाही. एकदा गेलेले ठिपके परत येत नाहीत. मोठे करताना संगणक केवळ अंदाजाने नवे ठिपके भरतो.

बंगळुरूच्या संशोधकाची 'फारच सोपी' कल्पना

ठिपके कमी केले तरी काम अर्धेच होते. उरलेल्या दहा लाखांवर ठिपक्यांना तीन एमबीहून अधिक जागा लागते. ते दोनशे केबीत बसतात कसे? या किमयेच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूत झाला. तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्रे किंवा ध्वनी थोडक्या आकड्यांत मांडण्याची एक गणिती रीत त्यांना सुचली होती. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे संशोधनासाठी पैसे मागितले. पैसे मिळाले नाहीत. कल्पना फारच सोपी आहे, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, अशी आठवण अहमद यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमध्ये शिकवणारे के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यातली रीत म्हणजेच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. पुढे छायाचित्रे साठवण्याची जागतिक पद्धत ठरवण्यासाठी तज्ज्ञांचा एक गट जमला, तेव्हा त्यांनी हीच रीत पायाभूत मानली. १९९२ साली ती पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. तिचे नाव जेपेग. फोटोच्या नावापुढे 'जेपीजी' ही जी तीन अक्षरे आपण रोज पाहतो, ती हीच.

जेपेग काय करते? ती आधी चित्राचे आडवे आठ, उभे आठ अशा चौसष्ट ठिपक्यांचे चौकोन पाडते. मग प्रत्येक चौकोनात ठळक छटा किती आणि बारीक चढउतार किती, याचा हिशेब अहमद यांच्या रीतीने मांडते. आकाश, गाल, साडीचा साधा पोत अशा बहुतेक चौकोनांत ठळक छटाच मुख्य असतात. बारीक चढउतार नगण्य असतात आणि आपला डोळाही ते फारसे टिपत नाही. ते आकडे जेपेग शून्य करून टाकते. असे शून्यांचे ढीग साठवायला जागा अगदी थोडी लागते. वाण्याच्या यादीत 'साखर, साखर, साखर' असे दहा वेळा न लिहिता 'साखर दहा किलो' लिहावे, तसे.

डोळ्याची आणखी एक खोड जेपेगला ठाऊक आहे. उजेड-अंधारातला फरक आपल्याला फार बारकाईने दिसतो, पण रंगातला तेवढ्या बारकाईने दिसत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा निम्म्याच बारकाईने साठवली जाते. सुपात धान्य पाखडावे, तशी ही सारी क्रिया. दाणे राहतात, फोलकटे उडतात.

मात्र जोरात पाखडले तर दाणेही उडतात! फोटो फार दाबला की चौकोन उघडे पडतात आणि काठांभोवती धुरकट डाग दिसू लागतात. तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून, बदलून जेपेगमध्ये साठवत गेल्यास त्याची प्रतही घसरत जाते. यासाठीच मूळ फोटोला कधी हात लावू नये.

पैठणी इथे खास परीक्षा पाहते. गडद लालवर सोन्याची बारीक जर असली, की रंगाची माहिती निम्मी होताच काठ मळका वाटू शकतो. आणि बारीक विणीचा फोटो घाईघाईने लहान केला, तर कापडावर नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. गिऱ्हाइकाला तो कापडातलाच दोष वाटेल!

फोटो असा तयार करा

आता येवल्याच्या मुलाने काय करावे ते पाहू. हेच कोणालाही करता येईल, मग वेबसाइट लोणच्यांची असो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची असो की घरच्या लग्नाची.

१. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावा. काम नेहमी त्याच्या नकलेवर करावे.

२. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी साडी वेगळीच दिसते आणि 'फोटोतला रंग हा नव्हे' म्हणून साडी परत येते.

३. नको तो भाग आधी कापावा. मागची खुर्ची, भिंतीवरचे कॅलेंडर, कोपऱ्यातली चप्पल यांचे ठिपके कशासाठी पाठवायचे? पूर्ण साडीचा एक फोटो आणि पदरावरच्या मोराचा जवळून घेतलेला दुसरा, असे दोन ठेवले तर एकच प्रचंड फोटो ठेवण्याची गरज उरत नाही.

४. मग आकार घटवावा. मोठ्या दर्शनासाठी रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल आणि यादीतल्या छोट्या चित्रासाठी ३०० ते ४०० पुरते. विंडोजच्या पेंटमध्ये 'रिसाइझ' असते. 'गिम्प' हा मोफत कार्यक्रम अधिक कुशल आहे. तो आकार घटवण्याच्या निरनिराळ्या रीती देतो. त्यांतील 'क्यूबिक'सारखी शेजारच्या ठिपक्यांचा विचार करणारी रीत निवडली, की विणीवरचे खोटे पट्टे बरेच टळतात.

५. लहान केलेला फोटो किंचित मऊ दिसतो. म्हणून 'शार्पन' जरासे वापरावे. अती केले तर चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती बोलू लागते.

६. जेपेगमध्ये साठवताना दर्जाचा आकडा विचारला जातो. ७५ ते ८५ यांच्या दरम्यान फोटो बहुधा उत्तम दिसतो. जरीकाठाचा फोटो असेल तर थोडा वर जावे. शंभरचा आग्रह धरल्यास वजन फार वाढते, दिसण्यात मात्र क्वचितच फरक पडतो. साठवल्यावर जर आणि मोर डोळ्यांनी तपासून पाहावेत. आकड्यापेक्षा डोळ्याचा निवाडा खरा.

७. दुकानाचे बोधचिन्ह, अक्षरे किंवा आलेख असेल, तर जेपेगऐवजी पीएनजी वापरावे. त्यात अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. २०१० साली गूगलने आणलेली वेबपी ही पद्धत बहुतेक वेळा जेपेगपेक्षा कमी जागा घेते आणि आजचे प्रमुख ब्राउझर ती दाखवतात. आयफोनवरच्या 'एचईआयसी' फाइली मात्र अनेक ब्राउझर थेट दाखवत नाहीत. त्या आधी जेपेगमध्ये बदलून घ्याव्यात.

८. प्रत्येक फोटोसोबत त्याचे वर्णन लिहावे. त्यासाठी 'ऑल्ट' नावाची जागा असते. दृष्टिहीन व्यक्तीचा संगणक हे वर्णन वाचून दाखवतो. 'फोटो ३' असे लिहिण्याऐवजी 'जांभळी पैठणी, पदरावर चार मोर, हिरवे काठ' असे लिहिले, तर डोळ्यांनी न पाहणाऱ्यालाही साडी कळेल. फोटो उतरायला वेळ लागला किंवा उतरलाच नाही, तर इतरांनाही तेच शब्द दिसतील.

फोटोच्या पोटातला पत्ता

एवढे झाल्यावर एक गोष्ट उरते आणि ती कुटुंबाच्या सुरक्षिततेची आहे. मोबाइल फोटो काढताना चित्रासोबत आणखी काही माहिती लिहितो: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि स्थान नोंदवण्याची मुभा दिलेली असेल, तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही! घराच्या अंगणात काढलेला मुलांचा फोटो तसाच वेबसाइटवर चढवला, तर घराचा पत्ताही सोबत जाऊ शकतो.

ही केवळ भीती नव्हे. अँटिव्हायरसमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका नियतकालिकाच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. ते ग्वाटेमालात आहेत, हे वाचकांनी लगेच शोधून काढले!

फोटो लहान करताना ही माहिती कधी गळते, कधी गळत नाही. तेव्हा नशिबावर हवाला ठेवू नये. विंडोजमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची सोय आहे. गिम्पमध्ये साठवताना ती वगळता येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली स्थानाची नोंदही बंद करता येते.

अशीच काळजी मुलांचे अर्ज भरताना घ्यावी. नोकरभरतीच्या अनेक अर्जांत फोटो २० ते ५० केबीचाच हवा, अशी अट असते. शेवटच्या तारखेच्या रात्री घराघरांत धावपळ उडते आणि समोर दिसेल त्या 'फोटो लहान करा' वेबसाइटवर फोटो, सही, आधार कार्ड सारे चढवले जाते. अनोळखी ठिकाणी गेलेली सही पुढे कोणाच्या हाती पडेल, याचा भरवसा नसतो. हे काम घरच्या संगणकावर पाच मिनिटांत होते. आधी अर्जात सांगितलेली लांबी-रुंदी करावी आणि त्यानंतरच दर्जाचा आकडा हळूहळू उतरवत केबी जुळवावे. आधीच दर्जा घटवला, तर चेहरा डागाळतो आणि अर्जही नाकारला जाण्याची भीती असते.

थांबलेले चक्र

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला २८.८ किलोबिट वेग मिळणे म्हणजे चैन होती. त्या वेगाने ५० केबीचे एक चित्र यायला चौदा सेकंद लागत. त्यामुळे वेबसाइट तयार करणारा माणूस एकेका केबीचा हिशेब ठेवत असे. वेग वाढला आणि हिशेबाची ती सवय सुटली. पण रेल्वेच्या डब्यात, डोंगराआडच्या गावात, महिनाअखेरीला डेटा संपत आलेल्या मोबाइलवर तोच जुना काळ रोज परत येतो. असे गिऱ्हाईकही आपलेच असते.

म्हणून येवल्याच्या मुलाने एक सोपी परीक्षा करावी. फोटो तयार झाले, की घराचे वाय-फाय बंद करून, गावाबाहेर जाऊन, साध्या मोबाइलवर आपली वेबसाइट उघडून पाहावी. चक्र फिरत राहिले, तर फोटो अजून जड आहेत. पदरावरचा मोर झटकन समोर आला आणि त्याची जर लखलखली, तर दुरून पाहणाऱ्या त्या आईलाही तो तसाच दिसेल. साडी घ्यायची की नाही, ते मग ती ठरवील. निदान वडिलांची कारागिरी तिच्या नजरेस पडल्यावाचून राहणार नाही.